आधी हरून या

आप्पांच्या दिवाणखान्याच्या छतावरचा डाग पहिल्यांदा दिसला तो काकूंना, पण त्याला 'ओल' असं अधिकृतपणे जाहीर केलं आप्पांनी. तोवर तो नुसता डाग होता. आपण जाहीर केल्याशिवाय घरात काही घडतच नाही असा आप्पांचा समज आहे, आणि तो मोडून काढायच्या भानगडीत काकू कधी पडल्या नाहीत. आप्पा विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात होते. लोकांची जळकी दुकानं आणि बुडालेली गोदामं बघून 'यात चूक तुमचीच आहे' हे सौम्य शब्दांत सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही कुठे काही फुटलं, सांडलं, गळलं की त्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ येतं.

खुर्चीवर उभं राहून त्यांनी डागाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि निर्णय दिला, "वरून आहे."

"छताला आणखी कुठून असणार?" काकू म्हणाल्या, पण हळू. खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता आणि तो त्यांनी धरून ठेवला होता.

वर म्हणजे वरचे सर. गणिताचे निवृत्त शिक्षक. बायको गेल्यापासून एकटे राहायचे आणि रोज संध्याकाळी चहाला खाली यायचे. चहा हे निमित्त. खरा कार्यक्रम वादाचा. आप्पा म्हणणार हवा बदलली आहे, सर म्हणणार आकडे दाखवा. सर म्हणणार पेपरात छापून आलंय, आप्पा म्हणणार म्हणून तर शंका येते. दोघांचं एकाही गोष्टीवर पटत नसे आणि त्यामुळेच दोघांचं फार छान जमत असे. सरांचा मुलगा दूरच्या शहरात होता. घर विका आणि माझ्याकडे या असा त्याचा केव्हाचा लकडा होता. सर दरवेळी सांगायचे, "तुझ्याकडे सगळं आहे रे, पण चुकीचं बोलणारा माणूस नाही. तो इथे खाली आहे."

तर त्या संध्याकाळी चहा ओतून होतोय तोवर आप्पांनी छताकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "सर, तुमचं न्हाणीघर गळतंय."

सरांनी छताकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग मनातल्या मनात इमारतीचा नकाशा मांडला. "शक्य नाही. माझं न्हाणीघर तुमच्या स्वयंपाकघरावर येतं. इथे वर माझी झोपायची खोली आहे. पाणी आडवं चालत नाही, आप्पा."

"तुमचं चालतं."

"पाणी कोणाचंही असो, ते खाली जातं. हे सातवीत शिकवतात."

"सर, तुमच्या गणितातच ओल आलीय!"

आता हे वाक्य आप्पांनी तोंडून काढायला नको होतं. दुसरं काहीही चाललं असतं. सरांना म्हातारा म्हणा, हट्टी म्हणा, कंजूष म्हणा, ते हसून सोडून देतील. पण गणित! अर्धा कप चहा तसाच ठेवून सर उठले. दारात वळले आणि म्हणाले, "एवढी खात्री असेल तर जा कोर्टात."

"जाईनच!" आप्पा गरजले. मागून काकूंनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीला बातमी कळली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. सोसायटीचे सेक्रेटरी दंतवैद्य आहेत. त्यांनी येऊन छतावर छोटा आरसा धरून पाहिलं आणि सांगितलं, की वरवर भरून काही उपयोग नाही, मुळापर्यंत जावं लागेल. दुखेल का, असं आप्पा विचारणार होते, पण थांबले. खरं म्हणजे इमारतीत एक अस्सल वकील राहत होती. तिसऱ्या मजल्यावरची बेबी. काळा कोट घालून रोज सकाळी कोर्टात जायची, लोक तिच्यासाठी तासन्‌तास ताटकळत बसायचे. पण आप्पांनी तिला लहानपणी जिन्यात पडून गुडघे फोडून घेताना आणि मोठ्यानं भोकाड पसरताना पाहिलेलं. अशा माणसाकडून कायद्याचा सल्ला कसा घ्यायचा? त्यामुळे बेबी सोडून सगळ्यांना विचारून झालं.

सगळ्यात ठाम सल्ला आला तो काकूंच्या धाकट्या भावाचा. हा मेहुणा परदेशात असतो. एका देशात नव्हे. कंपनी त्याला दर थोड्या वर्षांनी उचलून नवीन देशात ठेवते आणि दर देशातून तो आप्पांना फोनच्या पडद्यावरून सांगतो की आपल्याकडे सगळं कसं चुकतं.

"भाऊजी, सरळ जिल्हा न्यायालय गाठा," तो म्हणाला. "मी पहिल्यांदा ज्या देशात होतो ना, तिथे घरमालकाशी माझा वाद झाला होता. जिल्हा न्यायालयात गेलो. छोटीशी खोली, समोर न्यायाधीश. दुपारच्या आत निकाल! तिथे जिल्हा न्यायालय म्हणजे अगदी कोपऱ्यावरच्या दुकानासारखं."

"आणि आता आहेस तिथे?"

"इथे तर आणखी मजा. जिल्हा न्यायालयात न्यायाधीशाच्या शेजारी साधी माणसं बसतात. म्हणजे कोणी परिचारिका, कोणी माळी. ती पण निकाल देतात."

हे ऐकून आप्पा एकदम गंभीर झाले. आपण त्या देशात असतो तर आज न्यायाधीशाच्या शेजारी बसलो असतो, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला. "आणि मधल्या देशात?" त्यांनी विचारलं.

"तिथे जिल्हा न्यायालय म्हणजे बडं प्रकरण. मोठमोठ्या कंपन्यांचे खटले, आणि खाली बाकांवर बारा जणांची ज्यूरी. पण काय आहे भाऊजी, कुठेही जा, सुरुवात जिल्हा न्यायालयातच होते. ती पहिली पायरी."

तीन देशांचा अनुभव पाठीशी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून आणि दाव्याचा मसुदा स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून आप्पा निघाले. विमा कंपनीत हजारो दावे निकालात काढलेला माणूस, एक दावा दाखल करायला त्याला वकील लागतो की काय!

जिल्हा न्यायालयाची इमारत उंच खांबांची, थंडगार आणि उगाच लांब होती. कॉरिडॉरमध्ये बाकांवर माणसं अशी बसली होती, की बाकंसुद्धा त्यांच्यासोबतच बनवून आणली असावीत. काळे कोट लगबगीने जात होते आणि दर कोटामागे दोन-तीन अशील धापा टाकत पळत होते. कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीचा पेला साखळीने बांधलेला होता. न्यायाच्या घरातच चोरीची एवढी धास्ती बघून आप्पांना जरा वाईट वाटलं. पण ते खिडकीशी पोचले आणि त्यांनी कागद आत सरकवले.

कारकुनाने ते उलटसुलट करून पाहिले. "निकालाची प्रत?"

"कसला निकाल?"

"खालच्या कोर्टाचा."

"निकाल कुठला अजून? मी तर सुरुवात करायला आलोय."

"अशा दाव्यांची सुरुवात इथे होत नाही. मोठे दावे असतील तर गोष्ट वेगळी. तुमच्यासारख्यांसाठी इथे अपील असतं. म्हणजे नाराज लोक येतात."

"मी नाराज आहेच की!"

"तुम्ही शेजाऱ्यावर नाराज आहात. इथे खालच्या कोर्टावर नाराज लागता." कारकुनाने कागद परत सरकवले आणि अगदी मायेने म्हणाला, "काका, आधी हरून या."

आप्पांना आयुष्यात बऱ्याच खिडक्यांनी परत पाठवलं होतं. शिक्का नाही म्हणून, सही जुळत नाही म्हणून, जेवणाची सुट्टी झाली म्हणून. पण अजून हरलेले नाही म्हणून कोणी परत पाठवलं नव्हतं. "आणि मी जिंकलो तर?" त्यांनी ताठ मानेने विचारलं.

"मग कशाला याल?" कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. तो पुढचा माणूस हातात निकालाची प्रत घेऊन चांगला व्यवस्थित हरून आला होता.

घरी पोचल्यावर आप्पांनी मेहुण्याला फोन करून त्याची खरडपट्टी काढली. "नाव एकच रे, पण तुझ्या एका देशात ते तळमजल्यावर, दुसऱ्यात गच्चीवर आणि आपल्याकडे मधल्या मजल्यावर आहे, हे आधी सांगायचं नाही?" मेहुणा म्हणाला, यंत्रणाच चुकीची आहे. आप्पांनी फोन ठेवला. स्वतः यंत्रणेला शिव्या घालणं निराळं, पण परदेशातून कोणी घातल्या की त्यांना खपत नाही.

खालचं कोर्ट त्याच आवारात मागच्या बाजूला होतं. तिथे दावा दाखल झाला आणि सरांना नोटीस गेली. सरांनी ती नाकावर चष्मा चढवून, पेन्सिल हातात घेऊन वाचली. आप्पांनी डागाची लांबी-रुंदी दिली होती आणि क्षेत्रफळ काढताना गुणाकार चुकला होता. सरांनी आपल्या लेखी उत्तरात पहिल्याच परिच्छेदात ती चूक सुधारली. सुधारलेलं क्षेत्रफळ आप्पांनी मांडलेल्यापेक्षा बरंच मोठं निघालं. स्वतःविरुद्धचा दावा असा वाढवून देणारा प्रतिवादी त्या कोर्टाने पूर्वी पाहिला नव्हता.

तारखांना दोघं एकाच बसने जात. दुसरी सोयीची बसच नव्हती. थांब्याच्या या टोकाला आप्पा, त्या टोकाला सर, दोघंही बसच्या दिशेने बघताहेत आणि मध्ये अबोला उभा. कोर्टात एकाच बाकावर बसत, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. काकू आप्पांबरोबर डबा देत आणि त्यात पोळ्या हमखास जास्त असत.

"शत्रूला डबा?" आप्पांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"कोर्टाला जेवणाची सुट्टी असते ना? मग तेवढा वेळ भांडणालाही असू दे," काकू म्हणाल्या आणि झाकण घट्ट लावलं.

आप्पा डब्याचा एक कप्पा मधल्या मोकळ्या जागेवर ठेवत आणि दुसरीकडे बघत. सर तो कप्पा रिकामा करून, धुऊन परत जागेवर ठेवत आणि दुसरीकडे बघत. बोलायचे मात्र नाहीत. संध्याकाळी घरी परत आलं की आप्पांना चहाच्या वेळी फार चमत्कारिक वाटे. ते काकूंना म्हणत, हवा बदललीय. काकू म्हणत, हो. बस्स. संपलं! हो म्हणणाऱ्या माणसाशी पुढे काय बोलायचं?

मग कोर्टाने जागेची पाहणी करायला एक कमिशनर नेमला. हे एक तरुण वकील होते आणि छताकडे बघून बघून त्यांची मान धरली. नेमका उन्हाचा कडाका होता. छत एकदम खडखडीत, डागाचा मागमूस नाही. आप्पांचा चेहरा पडला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाव्यांत 'पुरावा आढळला नाही' असं लिहिणाऱ्या माणसावर ही पाळी! एवढ्यात वरून सरांची हाक आली. ते जिन्यात उभे होते, धोतर खोचून.

"कमिशनर साहेब, अशी पाहणी अपुरी आहे. पाणी नसताना गळती कशी दिसणार? थांबा."

आणि सर वर गेले आणि न्हाणीघरात बादल्या ओतायला लागले. एक ओतली, दुसरी ओतली. आप्पांना धप्प धप्प आवाज ऐकू येत होता. मधूनच सर जिन्यात येऊन विचारत, "आलं का?" आणि कमिशनर मान वर करून म्हणत, "अजून नाही." शेवटी सरांना धाप लागली. आप्पांना राहवेना. अबोला विसरून ते ओरडले, "पुरे झालं हो, कंबर धरेल!" तेवढ्यात छतावर तो ओळखीचा डाग हळूहळू उमटला, आधीपेक्षाही मोठा. आणि तो चांगला ऐसपैस पसरला.

सर खाली आले, डागाकडे नीट पाहिलं. "हं," ते म्हणाले. "पण यावरून पाणी आडवं चालतं असं सिद्ध होत नाही." आणि ओल्या पायांनी वर निघून गेले.

आप्पांचा अंदाज होता की आता हा दावा निवांत चालेल. सगळे तसंच म्हणत होते. पण त्या कोर्टात नवीन न्यायाधीश बाई आल्या होत्या आणि त्यांना कामाचा दांडगा उरक होता. त्यांनी कमिशनरचा अहवाल वाचला, दोघांचं म्हणणं ऐकलं, आणि निकाल देऊन टाकला. सरांनी न्हाणीघर दुरुस्त करून द्यावं. आप्पा जिंकले.

इमारतीत आप्पांचा भाव वधारला. दंतवैद्य सेक्रेटरींनी हात हातात घेऊन जोरात हलवला. दोन घरांतून तर कुणाकुणावर दावे ठोकायचे याची विचारणाही आली. आप्पा ताठ मानेने जिना चढले, दिवाणखान्यात खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अगं, चहा टाक. विजयाचा!"

काकूंनी चहा समोर ठेवला आणि समोरच बसल्या. "सरांनी घर विकायला काढलंय. सकाळी एजंट येऊन गेला."

"कोणी सांगितलं?"

"एजंटनेच. भांडण झालं तेव्हाच मुलाला होकार कळवला होता म्हणे त्यांनी. पण जागेवर दावा आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक जिन्यातूनच परत फिरायची. आता निकाल लागला. एका कुटुंबाला पसंतही पडलंय. न्हाणीघर दुरुस्त झालं की व्यवहार."

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. विजयाच्या चहाची चवच गेली. म्हणजे ज्या दाव्याने सरांना घालवून लावलं असं कोणालाही वाटेल, त्याच दाव्याने त्यांना इतके दिवस इथे धरून ठेवलं होतं! आणि तो दावा आप्पांनी जिंकून संपवला होता. जिंकायची एवढी घाई कशाला केली, असं त्यांनी स्वतःला विचारलं. सर जाणार होते. उद्या वर कोणीतरी अनोळखी माणूस राहायला येईल आणि म्हणेल, हो आप्पा, हवा बदललीय खरी.

ते तसेच उठले आणि तिसऱ्या मजल्यावर गेले. बेबीने दार उघडलं.

"बेबी, मला जिल्हा न्यायालयात अपील करायचंय."

"पण काका, तुम्ही तर जिंकलात!"

"त्याविरुद्धच करायचंय."

बेबीने त्यांना बसवलं, पाणी दिलं. अपील हरणारा करतो, हे तिने समजावून सांगितलं. निकालाने ज्याचं नुकसान झालं त्याला वरच्या कोर्टात दाद मागता येते. जिंकणाऱ्याला नाही. "कारण काय लिहू काका? अपेक्षेपेक्षा लवकर जिंकलो?"

"मग अपील कोण करू शकतं?"

"सर. पण मला दोघांनाही सल्ला देता येणार नाही, तेव्हा मी तुम्हाला काही सांगितलं नाही."

आप्पा तिथूनच एक मजला खाली उतरले आणि भांडणानंतर पहिल्यांदाच सरांची बेल वाजवली. सरांनी दार उघडलं. आत पुस्तकं खोक्यांत भरलेली दिसत होती. आप्पांनी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं. खरं काय ते सरळ सांगून टाकावं असं त्यांच्या मनात होतं. पण ते आप्पा होते.

"सर, निकाल साफ चुकलाय. तुम्ही अपील करा."

"मी निकाल मान्य केलाय."

"अहो, मान्य कसा करता? नकाशा बघा. तुमचं न्हाणीघर कुठे, माझा दिवाणखाना कुठे! बाईंनी ते विचारातच घेतलं नाही. मी तुमच्या जागी असतो तर गप्प बसलो नसतो."

सरांनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "तुम्हाला बरं नाही का, आप्पा?"

"मला ठणठणीत बरं आहे!"

"मग खाली जा. गवंडी यायचाय."

गोडीगुलाबीने जमत नाही म्हटल्यावर आप्पांनी ठेवणीतलं शस्त्र काढलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवरून ते वळले आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ठीक आहे. म्हणजे गणित चुकलं होतं हे तुम्ही लेखी कबूल केलंत तर!"

सरांचा चेहरा लालबुंद झाला. दार धाडकन बंद झालं. आप्पा मजेत शीळ घालत खाली उतरले. त्या आठवड्यातच सरांनी जिल्हा न्यायालयात अपील दाखल केलं, अपील चालू असेपर्यंत दुरुस्तीला स्थगिती मिळाली आणि पसंती दाखवलेलं कुटुंब दुसरीकडे घर बघायला गेलं. नोटीस हातात पडली तेव्हा आप्पांनी ती काकूंना दोनदा वाचून दाखवली.

मेहुण्याचा फोन आला. "काय हे भाऊजी, अजून संपलं नाही? आमच्याकडे असतं तर केव्हाच निकालात निघालं असतं."

"म्हणून तर तुझं कुठे बस्तान बसत नाही," आप्पा म्हणाले. त्यांना त्याची मनापासून कीव आली.

आणि मग जिल्हा न्यायालयातली तारीख आली. या वेळी आप्पा मान वर करून त्या लांब कॉरिडॉरमधून गेले. हरून नाही तरी जिंकून का होईना, पण रीतसर आले होते. न्यायाधीश साहेब वयस्कर होते आणि त्यांनी फाइल खरोखर वाचली होती. सर अपीलकर्ते म्हणून एका बाजूला उभे राहिले, आप्पा उत्तरवादी म्हणून दुसऱ्या.

"सर," साहेब म्हणाले, "ओल तुमची नाही असं तुमचं म्हणणं. पण पाहणीच्या वेळी बादल्या तर तुम्हीच ओतल्यात."

"प्रयोग नीट व्हायला हवा होता, साहेब."

"आणि तुमच्या उत्तरात ओलीचं क्षेत्रफळ वाढवून दिलंत."

"वाढवून नाही. बरोबर करून."

साहेबांनी आप्पांकडे मोर्चा वळवला. "खालचा निकाल योग्य आहे असं तुम्ही म्हणता?"

इथे आप्पांनी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण हो म्हटलं आणि साहेबांना पटलं, तर अपील आजच फेटाळलं जायचं. "तसं अगदी म्हणवत नाही," आप्पा चाचरले.

"म्हणजे निकाल चुकीचा आहे?"

आता हो म्हटलं तर अपील आजच मंजूर! "तसंही नाही, साहेब."

"मग आहे तरी काय?"

"तारीख द्या साहेब. लांबची."

"किती लांबची?"

"तुमच्याकडे असेल तेवढी."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. साहेबांनी हात वर केला. "दुरुस्ती लांबावी म्हणून हरलेला माणूस तारखा मागतो, हे मी समजू शकतो. तुम्हाला तर दुरुस्ती करून मिळायची आहे. तुम्हाला नक्की हवंय काय?"

आप्पांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. विमा कंपनीतले सगळे शब्द त्यांना सोडून गेले. "यांनी जाऊ नये," ते म्हणाले.

"कोणी? कुठे?"

"सरांनी. मुलाकडे. घर विकताहेत ते. दावा चालू असला की गिऱ्हाईक येत नाही, साहेब. म्हणून मीच यांना डिवचलं अपील करायला. संध्याकाळी माझ्याशी भांडायला कोणी नाही. मला... मला करमत नाही यांच्याशिवाय."

टंकलेखकाची बोटं थांबली.

साहेबांनी फाइल मिटली. "ही मागणी तुमच्या एकाही कागदात नाही. आणि असती, तरी कुठल्याही देशातल्या जिल्हा न्यायालयाला ती मंजूर करता आली नसती." मग ते सरांकडे वळले. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

सर आप्पांकडेच बघत होते. "नाही, साहेब," त्यांचा आवाज खाली आला होता. "मला वाटलं, यांना मी नकोसा झालोय. म्हणून निघालो होतो. नाहीतर मला तरी कुठे जायचं होतं?"

"अपील चालवायचंय?"

सरांनी थोडा विचार केला. "मागे घेतो."

"नका हो!" आप्पा ओरडले.

"आप्पा, गप्प बसा. अपील मागे घेतो म्हणालो. घर विकतो म्हणालो का?"

साहेबांनी शांतपणे खाली काहीतरी लिहिलं, पट्टेवाल्याने पुढचं नाव पुकारलं, आणि आप्पांना बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावरच कळलं की आपला जीव भांड्यात पडलाय आणि डोळे पुसायला रुमाल सरांचा घेतलाय.

पायऱ्या उतरताना सर म्हणाले, "एजंटला आजच नाही म्हणून कळवतो. आणि गवंड्याला उद्या बोलावतो. न्हाणीघर फोडून घ्यायला हवं."

"कशाला फोडताय?" आप्पा म्हणाले. त्यांना आज अख्खं जग माफ करायचं होतं. "ओल तुमची नाहीच मुळी."

सर पायरीवरच थांबले. "असं कसं? अपील मागे घेतलं म्हणजे निकाल कायम. ओल माझी."

"निकाल चुकलाय, सर."

"चुकला असं म्हणायचा तुम्हाला काय अधिकार? तुम्हीच मिळवलात ना तो?"

"मिळवला म्हणून काय बरोबर होतो? मी सांगतो, ओल तुमची नाही!"

"आणि मी सांगतो, ओल माझीच आहे! माझ्या न्हाणीघराबद्दल मला जास्त कळतं की तुम्हाला?"

आवाज इतका चढला की आवारातली माणसं वळून बघायला लागली. पायऱ्यांशी अशिलाची वाट बघत उभे असलेले एक वकील काळा कोट सावरत लगबगीने पुढे आले आणि आशेने म्हणाले, "काही वाद आहे का साहेब?"

"आहे की," सर म्हणाले आणि त्यांनी आप्पांचा दंड धरून त्यांना बसथांब्याकडे वळवलं. "पण तो आम्ही चहाबरोबर घेतो."